शेवंतीच्या बाजूचा वायपर

मित्रांनो, पावसात टॅक्सीत बसलात की तुमचं लक्ष ड्रायव्हरच्या समोरच्या वायपरकडे जातं. डावीकडच्याकडे कोणी बघत नाही. पुष्कळ टॅक्सींना तो नसतोच. तो डावीकडचा मी. आता जुना झालो आहे. माझं रबर चिरलं आहे, पत्र्यावर गंज चढला आहे, आणि मरोळच्या चाळीत टॅक्सीवाल्या गुणाजीच्या खोलीत दारामागच्या खिळ्याला मी टांगलेला असतो. तिथून मला कॉट दिसते, स्टोव्ह दिसतो आणि भिंतीवरचा शेवंतीचा फोटो दिसतो. माझी गोष्ट तिच्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणून तिच्यासकट सांगतो.

माझा जन्म कुर्ल्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. एक पत्र्याची पट्टी, तिला खेकड्यासारखे पंजे, आणि त्या पंज्यांत धरलेली काळ्या रबराची बारीक धार, एवढंच माझं अंग. चालणं माझ्या हातात नाही. गाडीची दांडी मला धरते आणि आतली मोटर दांडीला फिरवते. आमच्या वेळी गाडीत बटणाचे वायपर म्हणजे कौतुक होतं. लोक त्यांना ऑटोमॅटिक म्हणत. बटण बंद केलं तरी आम्ही काचेच्या मध्येच थांबायचो नाही. चालू फेरी पुरी करून आपल्या आपण खाली यायचो आणि काचेच्या पायाशी आडवे व्हायचो. ड्रायव्हरला आमच्याकडे बघावंही लागत नसे. आमच्या आधीचे वायपर मध्येच डोळ्यांसमोर अडकून बसत, हे मी दुकानात ऐकलं होतं.

गुणाजी देवगडकडचा. अंधेरी स्टेशनबाहेरच्या स्टँडवर त्याची टॅक्सी लागायची. त्याची बायको शेवंती गोरेगावला आरेच्या दूध केंद्रावर कामाला होती. बाटल्या जाऊन दुधाच्या पिशव्या यायला लागल्या होत्या, ते दिवस. केंद्र पहाटे उघडायचं आणि इतक्या सकाळी बस मिळायची नाही. म्हणून गुणाजी तिला आधी आरे कॉलनीतून गोरेगावला सोडायचा आणि मग धंद्याला लागायचा. ती पुढे त्याच्या शेजारी बसायची. मागे बसली तर गिऱ्हाईक वाटेन, म्हणायची.

तेव्हा गाडीला एकच वायपर होता, गुणाजीच्या समोरचा. डावीकडच्या काचेवरून पाणी नुसतं वाहत असायचं. आरेचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी झाडं, आणि तबेल्यांच्या म्हशी कधी मध्ये येऊन उभ्या राहतील याचा नेम नाही. एका सकाळी अशी एक म्हैस डावीकडून आली. गाडी तिच्या शिंगांपासून हातभर अंतरावर थांबली.

"माका दिसाक नको?" शेवंतीने विचारलं.

"तू काय गाडी चालवतंस गो?"

"चालवीत नाय. पण आदळली तर दोघांका लागतला मा?"

त्याच आठवड्यात गुणाजीने मला विकत आणलं. हे सगळं मला शेवंतीकडूनच कळलं. गाडीत जो कोणी बसेल त्याला ती हे सांगायची, आणि दर वेळी म्हैस थोडी मोठी व्हायची.

स्टँडवर मात्र माझी थट्टा झाली. गिरणी बंद पडल्यावर टॅक्सीवर आलेला लवू गुणाजीचा जवळचा दोस्त. तो बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "गुण्या, मालकीण बसायची जागा वेगळी झाली वाटतं. आता पडदे पण लाव."

"लावतो. तुझ्या बायकोला विचारून कापड आण," गुणाजी म्हणाला.

मित्रांनो, तो पहिला पावसाळा माझ्या सुखाचा होता. उजवीकडचा वायपर आणि मी जोडीने चालायचो. काच साफ झाली की शेवंती पुढे वाकून बघायची. "म्हस इली. हळू घेवा." "तो छत्रीवालो बघा." "खड्डो आसा डावीकडे." गुणाजी चिडायचा. "मला दिसतंय," म्हणायचा. पण स्टिअरिंग तिच्या बोलण्याप्रमाणे वळायचं, ते मी बघत होतो.

पाऊस संपला की वायपर उतरवून ठेवायची तेव्हा पद्धत होती. उन्हात रबर तडकतं, आणि उभ्या गाडीचे वायपर चोरीलाही जातात. आमच्या घरी हे काम दसऱ्याला व्हायचं. गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून पूजा झाली की शेवंती आम्हा दोघांना काढायची, आमच्यावरही हळदकुंकू टाकायची आणि बांधून ठेवायची. गुणाजी त्यात हात घालत नसे. काढणं, पुसणं, पुन्हा लावणं, सगळं तिचं.

पहिल्या वर्षी तिने चूकच केली. तिला वाटलं, रबर कोरडं पडतं तर त्याला तेल लावावं. कोकणातलं माणूस, खोबरेल तेलावर विश्वास मोठा. तिने आम्हाला चांगलं चोळून तेल लावलं, जसं केसांना लावतात तसं, मुळापासून टोकापर्यंत. पुढच्या जूनमध्ये आम्ही काचेवर चढलो आणि एका फेरीत सगळी काच दुधासारखी पांढरी करून टाकली. जितकं पुसावं तितकं पसरत होतं. गुणाजीने आरेच्या रस्त्यात गाडी बाजूला लावली आणि रद्दीच्या कागदाने काच घासत बसला. शेवंती आत बसून तोंडाला पदर लावून हसत होती. तो बाहेर भिजत होता.

मग दोघं कुंडलिककडे गेली. साकीनाक्याला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. त्याने माझ्या रबरावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

"वहिनी, हा वायपर आहे. वेणी नाही."

"मग कायच लावायचा नाय?"

"तेल रबर खातं. साध्या पाण्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं, वरून थोडी पावडर टाकायची, म्हणजे चिकटत नाही. आणि गुणाजी, कोरड्या काचेवर बटण दाबत जाऊ नको. धुळीने ह्याची धार पण जाते आणि काचेला रेघा पण पडतात. आधी पाणी मार, मग चालव."

तेव्हापासून शेवंती तिच्या तोंडाला लावायच्या पावडरीतली पावडर आम्हाला लावायची. दसऱ्याच्या दुपारी उंबऱ्यावर बसून ती चिमूटभर पावडर रबरावर टाकायची आणि अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरवायची. मग तिच्या जुन्या हिरव्या साडीच्या पट्टीत आम्हाला गुंडाळायची आणि सुरगाठ मारायची. टोक ओढलं की सुटणारी. अवकाळी पाऊस आला तर एका हाताने सोडता यायला हवी, म्हणायची. म्हणूनच ती आमचं गाठोडं घरात ठेवत नसे. गाडीतच, तिच्या सीटखाली ठेवायची.

मित्रांनो, चांगले दिवस मोजायचे नसतात असं मला वाटतं, म्हणून मी मोजले नाहीत. ते काही पावसाळे होते.

मग एका दसऱ्याला शेवंतीने आम्हाला उतरवलं ते गाडीला टेकून. तिचे डोळे पिवळे झाले होते. काविळीवर मुळी बांधून आणली होती, डॉक्टरचं औषधही चालू होतं. गुणाजी म्हणाला, "राहू दे गो, मी करतंय." ती म्हणाली, "तुमका जमाचा नाय." तिने मला चिमटीत धरून पावडर लावली. माझ्या मध्यावर येऊन ती थांबली आणि जरा वेळ तशीच बसली. मला वाटलं तिला चक्कर आली. मग तिने उरलेलं अंग पुरं केलं, आम्हाला बांधलं, गाठ मारली आणि गाडीपर्यंत स्वतः चालत येऊन सीटखाली ठेवलं.

त्या दिवाळीचा फराळ तिच्या हातचा झाला नाही. दिवाळीच्या आधीच ती गेली.

मी सीटखाली, कापडाच्या आत. मला दिसत काही नव्हतं, ऐकू येत होतं. गुणाजी काही दिवसांनी परत धंद्याला लागला. पहाटे तो तसाच उठायचा, गाडी काढायचा आणि आरेतून रिकामा गोरेगावपर्यंत जायचा. दूध केंद्रासमोर गाडी थांबवायचा. कोणी उतरत नसे. मग गाडी वळवून अंधेरीला यायचा. तिच्या सीटवर तो कोणाला बसू देत नसे. एखाद्या गिऱ्हाइकाने पुढचं दार उघडलं की "मागे बसा" म्हणायचा.

उन्हाळा गेला. ढग आले. आता आम्हाला बाहेर काढतील, असं मला रोज वाटायचं. एक दिवस गुणाजीचा हात सीटखाली आला. गाठोड्यापर्यंत पोचला. त्याने आम्हाला उचललंही, आणि मांडीवर धरून बसला. पण गाठ सोडली नाही. परत होतं तिथे ठेवून दिलं.

पुढचं मला नंतर लवूच्या बोलण्यातून कळलं. दुसऱ्या दिवशी त्याने उजव्या बाजूसाठी नवा वायपर आणून लावला. डावीकडे काहीच लावलं नाही. नुसती दांडी काचेवर घासली तर काचेला चरा पडेल, म्हणून तिला उचलून वर उभी केली. पाऊस सुरू झाल्यावर त्याने बटण दाबलं, तर नवा वायपर काच पुसत होता आणि ही रिकामी दांडी त्याच्या जोडीने हवेतच इकडून तिकडे हलत होती.

स्टँडवर लवूने ते बघितलं. "काय रे गुण्या, ही डावीकडची कोणाला हात करते?"

बोलून गेल्यावर लवूच्याच लक्षात आलं. तो दार उघडून आत आला, पण मागे बसला.

"वहिनींनी ठेवलेले आहेत ना सीटखाली?"

"आहेत."

"मग लाव ना. वेडा आहेस काय?"

"तिने मारलेली गाठ आहे ती, लवू. तिच्या हातचं दुसरं काय राहिलंय? भांडी शेजारणींनी घासली, अंथरूण धुतलं. एवढीच राहिलीय."

मग लवू म्हणाला, "निदान नवा तरी लाव डावीकडे."

"डावीकडे बसतंय कोण?"

"रस्ता आहे ना डावीकडे. माणसं चालतात."

"तंबाखू चोळतो," गुणाजी म्हणाला.

मित्रांनो, जुने ड्रायव्हर वायपर बिघडला की ओली तंबाखू काचेवर चोळत. थेंब धरत नाही, पाणी सरळ ओघळून जातं. पण भुरभुर पावसापुरतंच ते खरं. जोराची सर आली की तंबाखू धुऊन जाते आणि काच पुन्हा आंधळी होते. गुणाजीला हे माहीत नव्हतं असं नाही. तो दर थांब्याला उतरून तंबाखू चोळायचा. सीटखाली मला तिचा उग्र वास यायचा. मी त्याच्या पायांपासून हातभर अंतरावर पडून होतो, धडधाकट, पावडर लावलेला, आणि तो डाव्या बाजूने आंधळा गाडी चालवत होता. ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. ही सुरगाठ आहे रे. तुला एक टोक ओढायचं आहे फक्त.

आषाढ सरत आला होता तेव्हाची गोष्ट. पहाटे उजाडत होतं आणि आरेत सर कोसळत होती. गाडी नेहमीसारखी रिकामी गोरेगावकडे चालली होती. एकाएकी डावीकडून काहीतरी आपटल्याचा आवाज झाला, चाकाखाली काड्या मोडल्यासारखं वाजलं आणि गाडी करकचून थांबली. आमचं गाठोडं घसरून पुढे आलं.

गुणाजी उतरून धावला. बाईचा आवाज आला, "डोळे फुटले काय रे तुझे? एवढी छत्री दिसत नाही?" आणि मग तोच आवाज बदलला. "भावजी? तुम्ही?"

ती सुलक्षणा होती. दूध केंद्रावर शेवंतीच्या शेजारी उभी राहून पिशव्या द्यायची. इतक्या सकाळी बस नाही म्हणून चालत निघाली होती. गाडीचा धक्का छत्रीला लागला होता, तिला नाही. ती चिखलात पडली होती, गुडघा सोलवटला होता. छत्री चाकाखाली गेली होती.

"लागलं काय? बघू. हाड नाही ना दुखत?" गुणाजीचा आवाज ओळखू येत नव्हता.

"चालता येतंय. मी दिसले नाही तुम्हाला?"

"नाही दिसलात."

त्याने तिला हाताला धरून आणलं आणि दार उघडलं. पुढचं दार. ती शेवंतीच्या जागेवर बसली. तिच्या साडीचं पाणी सीटवरून माझ्या कापडावर ठिबकू लागलं. गुणाजी आपल्या जागेवर येऊन बसला, पण गाडी सुरू करेना.

सुलक्षणा समोर बघत असणार. काचेवरून पाणी वाहताना ऐकू येत होतं.

"इथून काहीच दिसत नाही हो," ती म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता. दिसलं नाही तेवढंच सांगितलं.

गुणाजी खाली वाकला. मग म्हणाला, "पाय जरा वर घ्या."

त्याने आम्हाला बाहेर काढलं. मांडीवर घेतलं. गाठीवर दोन्ही हातांची बोटं लावली, पण ती नुसती फिरत राहिली. त्याला वाटत होतं ती घट्ट निरगाठ आहे, सोडायची म्हणजे उकरावी लागेल. त्याने कधी ती सोडलेलीच नव्हती.

"कापू का? पिन आहे माझ्याकडे," सुलक्षणा म्हणाली.

"नको."

ती वाकली, तिचा आवाज जवळ आला. "भावजी, ही सुरगाठ आहे. हे टोक ओढा. केंद्रावर पैशाची पिशवी ती अशीच बांधायची."

गुणाजीने टोक धरलं आणि ओढलं. गाठ एका ओढीत सुटली. जोर लावावाच लागला नाही. कापड आपल्या आपण उलगडलं आणि गाडीत शेवंतीच्या पावडरीचा वास आला.

इतके महिने मी अंधारात होतो. मला पहिल्यांदा दिसला तो गुणाजीचा चेहरा. दाढी वाढलेली, डोळे खोल. तो माझ्याकडे बघत होता, आणि मग मला कळलं तो काय बघतोय. माझ्या मध्यावर, जिथे ती थांबली होती, तिथे पावडरीत तिच्या अंगठ्याचा ठसा होता. रेघ न् रेघ दिसत होती. पलीकडच्या बाजूला दोन बोटांचे. दमून ती तिथे मला धरून बसली होती, ती तशीच तिथे राहिली होती.

गुणाजीने त्यावर हात ठेवला नाही. हात जवळ नेला आणि मागे घेतला.

सुलक्षणानेही ते बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "राहू दे भावजी. बांधून ठेवा परत. पाऊस कमी होईपर्यंत थांबू आपण."

तो मला शर्टाच्या आत धरून खाली उतरला. डावीकडची उभी दांडी खाली घेऊन त्याने मला तिच्यावर बसवलं. दुसऱ्या हाताने तो वरून पाऊस अडवत होता, पण पाऊस कुठे हाताने अडतो. आत येऊन त्याने बटणावर बोट ठेवलं. मी काचेच्या पायाशी आडवा होतो. माझ्या अंगावरचा ठसा काचेला टेकलेला होता. आतून त्याला तो दिसत असणार.

"तुमका दिसाक नको?" गुणाजी म्हणाला. कोणाला म्हणाला ते मी सांगू शकत नाही. सुलक्षणा मालवणी नव्हती.

त्याने बटण दाबलं.

मी उठलो. पहिल्या फेरीत काचेवर पांढरा फराटा उमटला. दुसऱ्या फेरीत तो पाण्याबरोबर खाली गेला. तिसऱ्या फेरीला काच स्वच्छ होती आणि डावीकडे रस्ता दिसत होता, झाडं दिसत होती, तबेल्याकडून येणारी दोन माणसं पोतं पांघरून चालली होती. गुणाजी रडत होता. तशातच त्याने गाडी सुरू केली आणि त्या दोन माणसांना लांबून वळसा घालून पुढे घेतली. केंद्रावर पोचून त्याने बटण बंद केलं, तेव्हा मी आपल्या आपण खाली आलो आणि आडवा झालो. माझं तेच काम आहे. माझ्यावर आता तिचं काही नव्हतं.

त्यानंतर मी आणखी दोन पावसाळे चाललो. सुलक्षणा आणि केंद्रावरच्या बाया पावसाच्या दिवसांत पहाटे मरोळ नाक्याला उभ्या राहायच्या, गुणाजी त्यांना घेऊन जायचा. जी पुढे बसेल ती डावीकडे बघून बोलायची. गुणाजी "मला दिसतंय" म्हणायचा. कोणाच्या बोलण्याला शेवंतीची सर नव्हती, पण गाडी कोणाला लागली नाही. मग माझं रबर चिरलं. मला उतरवून त्याने खिळ्याला टांगलं आणि माझ्या जागी नवा आणला.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरी गाडी असेल तर वायपरला तेल लावू नका. साध्या पाण्याने धुवा. कोरड्या काचेवर चालवू नका, उन्हात तसेच ठेवू नका, आणि डावीकडच्याला कमी लेखू नका. एवढं कुंडलिकनेही सांगितलं असतं. मला सांगायचं ते थोडं वेगळं आहे. जपून ठेवलेली वस्तू पाऊस आला की बाहेर काढा. ज्याने ती तुमच्यासाठी बांधली, त्याने ती पावसासाठीच बांधलेली असते.

दर दसऱ्याला गुणाजी आता उंबऱ्यावर एकटा बसतो. नव्या वायपरांना पावडर लावतो आणि त्याच हिरव्या पट्टीत गुंडाळतो. खिळ्यावरून मी बघत असतो. सुरगाठ त्याला तिच्यासारखी येत नाही. कधी फार घट्ट बसते, कधी उचलताच सुटते. सुटली की तो पुन्हा मारतो.